तीन फूट वजा

९ फेब्रुवारी १९९७, रविवार. रक्कम साडेसात रुपये. ठिकाण वरोरा, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे शिंप्याचे दुकान. हजर माणसे चार: माझ्या वडिलांचे काका, वय अंदाजे ब्याण्णव, मी, माझी बायको, आणि दुकानाचा मालक. मालकाची बायको पडद्याआड होती. तिला मी हजर धरलेले नाही, पण बोलली तीच जास्त.

साडेसात रुपये द्यायला ब्याण्णव वर्षांच्या माणसाला, तेही डोळ्याचे ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले असताना, चंद्रपूरहून बसने का नेले, असे मला पुढे अनेकांनी विचारले. मी थोडक्यात सांगून पाहिले. थोडक्यात सांगितले की लोकांना ती म्हाताऱ्याची लहर वाटते. म्हणून सगळे लिहून ठेवतो.

वडिलांच्या या काकांना आम्ही आबाजी म्हणत असू. वडील चार वर्षांचे असतानाच माझे खरे आजोबा गेले. त्यानंतर वडिलांना आबाजींनी वाढवले. आबाजी जंगलखात्यात नाकेदार होते, म्हणजे आताच्या भाषेत वनरक्षक. त्या पगारावर वडील शिकले, मास्तर झाले, आणि मास्तरांचा मुलगा म्हणून मी शिकलो आणि चंद्रपूरच्या लाकूड डेपोत मोजणीच्या कामाला लागलो. सकाळी थप्प्या लावायच्या, ओंडक्याची लांबी घ्यायची, गोलाई घ्यायची, आकडा ओरडायचा, लिहायचा. एकवीस वर्षे हेच केले आहे. आकडा चुकला तर मला जेवण जात नाही, असे माझी बायको लोकांना सांगते. ते पूर्ण खरे नाही. जेवण जाते, चव लागत नाही.

आबाजी सावलीजवळच्या आपल्या गावी राहत. गावात त्यांना 'कपवाले नाकेदार' म्हणत, कारण तरुणपणी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जंगलखात्याच्या इंग्रज साहेबाने भरवलेल्या खेळांत त्यांनी कप जिंकला होता. एका खेळाचा नव्हे. पाच खेळ, आणि पाचही मिळून ज्याचे गुण जास्त त्याला कप. शंभर यार्ड धावणे, उंच उडी, गोळाफेक, एक मैल धावणे आणि लांब उडी. साल त्यांना आठवत नव्हते. आपण एकवीस वर्षांचे होतो एवढे ते सांगत. दवाखान्याच्या कार्डावर ब्याण्णव लिहिले होते, त्यावरून मी १९२६ धरतो. एखादे वर्ष इकडेतिकडे.

त्यांना हे खेळ कोणी शिकवले नव्हते. ते तेव्हा जंगलखात्यात रोजंदारीवर होते. साहेबाच्या मुक्कामावरची डाक घेऊन चांद्याला जायचे आणि उत्तर घेऊन त्याच दिवशी परत यायचे, म्हणून मैल. वाटेत नाले, म्हणून लांब उडी. गावाभोवती काट्यांची कुपाटी, तिच्यावरून आत यायचे, म्हणून उंच उडी. गोळा त्यांनी खेळांच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. हे सगळे ते आम्हाला मोठ्या आनंदाने सांगत. पण खेळांच्या दिवसाशी आले की थांबत. "मंग काय, भेटला कप," म्हणत आणि उठून बैलाला पाणी दाखवायला जात. बैलाला चारदा पाणी दाखवल्याचे मी मोजले आहे.

आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून खटकत असे. कप घरात कुठेच दिसायचा नाही. दुसऱ्या कोणाकडे असता तर देवाजवळ ठेवला असता. आबाजींचा कप धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत, धानाच्या तळाशी. पुढच्या वर्षीही खेळ झाले, साहेबाने त्यांना बोलावणे पाठवले, आणि ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पायांत एवढा जोर असलेला माणूस बाविसाव्या वर्षी धावायचा थांबला.

जानेवारीत संक्रांतीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि त्यांना आमच्या घरी आणले. त्यांचे कपडे धुवायला काढताना बायकोला पिशवीत धोतरात गुंडाळलेला कप सापडला. वीतभर उंच, दोन कानांचा, चांदीचा मुलामा बराचसा गेलेला. एका बाजूला इंग्रजी अक्षरे, त्यांतली 'पाच खेळ' एवढ्या अर्थाची वाचता येत होती.

"आबाजी, हा काऊन आणला?" बायकोने विचारले.

"दवाखान्यातून माणूस परत येते, नाई बी येत," ते म्हणाले. "त्याले धानात ठेवून जाणं बरं नाई."

आम्हाला वाटले, म्हाताऱ्याचा जीव कपात अडकला आहे.

त्यांच्या खोलीच्या खिडकीला डासांची जाळी लावायची होती. तो दिवस १ फेब्रुवारी, शनिवार. मी घरच्या टेपने खिडकी मोजत होतो आणि बायको कॅलेंडरच्या मागे आकडे लिहीत होती. टेपची पुढची पट्टी मोडलेली आहे. डेपोत असे टेप खूप असतात, आम्ही ते टाकून देत नाही. शून्याऐवजी दहाच्या खुणेवर धरायचे आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. मोजणीच्या कामातल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही, तोंडातून आकडा वजा होऊनच बाहेर पडतो. पण बायकोला सवय नाही म्हणून मी ओरडलो, "एकशे बारा! दहा वजा कर!"

"किती वेळा सांगान? केले वजा," बायको म्हणाली. "नवा टेप घ्या ना एखादा. मोजणीबाबूच्या घरी तुटका टेप, लोक हसतीन."

मागे खाट वाजली. आबाजी उठून बसले होते. डोळ्यावर हिरवे कापड तसेच.

"काय वजा केलं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले, टेप पुढून मोडला आहे.

"आणि ते वजा करणारी बाई समजा इथून निघून गेली. दुसरी आली. तिले मालूमच नाई. मंग?"

"मंग जाळी दहा सेंटिमीटर जास्त येईल," मी म्हणालो.

"जाळी कापता येते," आबाजी म्हणाले. बायकोने पेन्सिल खाली ठेवली. तिला माझ्याआधी कळले की हे जाळीचे नाही.

त्या दुपारी त्यांनी जे सांगितले ते एकाहत्तर वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. त्यांच्या बायकोला, आमच्या आजीलाही नाही.

लांब उडी शेवटच्या दिवशी, सगळ्यांत शेवटी होती. खेळांसाठी आणलेली शाळेची फीत भिजून ताणली गेली होती, म्हणून साहेबाने जंगलखात्याची फीत मागवली. ती कापडी फीत आबाजीच रोज खांद्यावर वागवत. तिचे पुढचे तीन फूट केव्हाच तुटून गेले होते. जंगलातले लोक तीनच्या खुणेवर धरत आणि तीन वजा करून आकडा सांगत. खेळांतही मोजायला जुना नाकेदार उभा होता. तो सवयीने वजा करूनच ओरडत होता. वरोऱ्याच्या एका शिंप्याच्या मुलाची उडी एकोणीस फूट आठ इंच झाली. त्याच्यानंतरची कोणाचीच सतरा फूट साडेचार इंचांच्या पुढे नव्हती. आबाजींच्या पहिल्या दोन उड्या बाद झाल्या, पाय रेघेवर पडला. तिसरी उडी घ्यायची तेवढ्यात साहेबाची घोडी दावे तोडून पळाली. नाकेदार घोडीमागे धावला, आणि फितीचे टोक शाळेच्या एका मास्तरांच्या हातात आले, ज्यांना तुटलेले तीन फूट ठाऊक नव्हते.

"उडी घेतली," आबाजी म्हणाले. "वाळूत उभा राह्यलो तवाच समजलं, शिंप्याच्या पोराची खूण माह्या पुढं हाय. चांगली हातभर पुढं. आणि मास्तर ओरडला, एकवीस फूट तीन इंच! लोकायनं पागोटे फेकले वर."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"काई नाई म्हटलं. तोंड उघडलं होतं, बाबू. पण कोनी तरी मले खांद्यावर घेतलं, आणि वर गेल्यावर मानसाचं तोंड बंद होते."

पहिल्याला कप आणि पंचवीस रुपये. दुसऱ्याला दहा रुपये. आणि दुसऱ्या दिवशी साहेबाने आबाजींना बोलावून रोजंदारीतून काढले आणि नाकेदार केले. पगार, वर्दी, पुढे पेन्शन. ती पेन्शन अजूनही दर महिन्याला येत होती.

"ते नोकरी माही नाई," आबाजी म्हणाले. "त्या पोराची हाय. सारी जिंदगी मी दुसऱ्याची नाकेदारी केली. तुह्या बापाची फी त्यातूनच भरली."

म्हणजे माझीही भरली. हे त्यांनी म्हटले नाही, मी मनात म्हटले.

मला अशा वेळी धीराचे चार शब्द सुचत नाहीत. मला आकडे सुचतात. मी विचारले, "आबाजी, गुण कसे देत होते?"

"पहिल्याले पाच, दुसऱ्याले तीन, तिसऱ्याले एक."

"आणि बाकीच्या चार खेळांत कोण कितवा?"

त्यांना सगळे पाठ होते. मी कॅलेंडरच्या मागे जाळीच्या आकड्यांखाली लिहून घेतले. शंभर यार्डांत आबाजी पहिले, शिंप्याचा मुलगा दुसरा. उंच उडीत उलट. गोळ्यात एक पोलिस पहिला, शिंप्याचा मुलगा दुसरा, आबाजी तिसरे. मैलात आबाजी पहिले, रेल्वेचा एक खलाशी दुसरा, शिंप्याचा मुलगा तिसरा. लांब उडीच्या आधी आबाजी चौदा, शिंप्याचा मुलगा बारा.

"तुमच्या उडीतून तीन फूट वजा केले तर अठरा फूट तीन इंच," मी म्हणालो. "तिसऱ्याची सतरा साडेचार. म्हणजे तुम्ही दुसरे. तीन गुण. चौदा आणि तीन सतरा. तो पहिला, पाच गुण. बारा आणि पाच..."

"सतरा," बायको म्हणाली.

मी पुन्हा बेरीज केली. सतरा-सतरा.

"आबाजी, तुम्ही ही बेरीज कधी केली नाही?"

"हिंमतच झाली नाई. बेरीज केली असती आणि चोरी निघाली असती तं मंग काय केलं असतं? न केलेली बरी."

"चोरी नाही निघत. बरोबरी निघते."

त्यांनी बोटांवर दोघांचे गुण मोजले. मग म्हणाले, "म्हंजे मी हरलो नाई?"

"नाही."

"जिंकलो बी नाई."

"तेही नाही."

"चहा कर वो पोरी," ते बायकोला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला, आणि दोन्ही वेळा साखर कमी असल्याची तक्रार केली. तब्येत सुधारल्याचे ते लक्षण होते.

मी मात्र लगेच विश्वास ठेवला नाही. गुणांचा कागद कुठे नव्हता, फक्त त्यांची आठवण होती. सोमवारी पुन्हा विचारले, बुधवारी पुन्हा विचारले. तीनही वेळा आकडे तेच, खलाशी तोच, पोलिस तोच. बक्षिसाचे गणितही मांडले. पंचवीस आणि दहा मिळून पस्तीस, बरोबरीत प्रत्येकी साडेसतरा. आबाजींनी साडेसात जास्त घेतले होते. त्यावर एकाहत्तर वर्षांचे व्याज काढायला मी घेतले तेव्हा बायकोने कागद ओढून घेतला.

"उडी मारली आबाजीनं, व्याज तुमी काढून राह्यले," ती म्हणाली. "साडेसात म्हणजे साडेसात. खेळात व्याज नाई लागत."

पैशाचे मिटले, पण बुधवारी रात्री जेवताना आबाजींनी हात थांबवला. "पैसे अर्धे होतात बाबू. नोकरी कशी अर्धी होणार? ते तं त्याची पूरीच गेली."

दुसऱ्या दिवशी मी त्या शिंप्याच्या मुलाचा पत्ता काढायला लागलो.

डेपोत माझ्याबरोबर वरोऱ्याचा एक जण होता. त्याने गावी चौकशी केली. जुन्या काळी उंच उडी मारणारा शिंपी म्हटल्यावर लोकांनी लगेच सांगितले. ते वारले होते, वीस वर्षे झाली. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा मुलगा दुकान चालवत होता. मी आबाजींना सांगितले. ते वारल्याचे ऐकून आबाजी खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "पोराले तं भेटू."

रविवारी सकाळच्या बसने आम्ही तिघे निघालो. कप बायकोच्या मांडीवर. भद्रावती गेल्यावर आबाजींनी डोळ्यावरचे कापड जरा वर करून बाहेर पाहिले आणि पुन्हा खाली ओढले. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "शिव्या दिल्या तं ऐकून घ्यायच्या. तू मधात बोलू नको."

दुकान लहान होते. दोन मशिनी, त्यांतली एक बंद, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे कापड. मालक साठीचा, पांढरी दाढी, नाकावर चष्मा. मी म्हणालो, आम्ही चंद्रपूरहून आलो आहोत, हे माझे आजोबा, सावलीकडचे.

"सावलीकडचे?" मान वर न करता त्याने विचारले. पाय मशीनवर चालूच होते.

"हो."

मशीन थांबले. त्याने आबाजींकडे पाहिले, बायकोच्या हातातल्या पिशवीकडे पाहिले.

"कप आनला काय?"

आम्ही तिघेही तसेच उभे राहिलो. आबाजींचा हात माझ्या दंडावर होता, तो घट्ट झाला.

"बसा चाचा, बसा," तो उठून म्हणाला आणि स्टुलावरचे कापड दूर केले. पडद्याकडे तोंड करून ओरडला, "अगं सुनती हो? अब्बा का कप आया!"

"कौनसा कप?" आतून बाईचा आवाज आला.

"वो सावलीवाला!"

"या अल्लाह, सच्ची में था?"

मग त्याने सांगितले. वडील घरी नेहमी म्हणत, कप माझाच आहे, सावलीवाल्या पोराजवळ ठेवला आहे. "आमी भाऊ-बहीण हसत होतो, चाचा. कोनाले खरं वाटन? अम्मी म्हने, दुकानाची उधारी बी लोकायजवळ, आणि कप बी लोकायजवळ. अब्बा म्हनत, राहू दे, चांगल्या मानसाजवळ हाय."

आबाजींनी विचारले, "तुह्या बापानं पाह्यलं होतं? माही उडी?"

"पाह्यली नाई तं! शिंप्याचा पोरगा. आखूड का लांब, त्याले डोळ्यानंच समजे."

"मंग बोल्ला काऊन नाई?"

"कोनाजवळ बोलनार? मास्तर फीत वाचून राह्यला, साहेब लिहून राह्यला. अब्बाजवळ काय होतं? डोळे. डोळ्याची पावती कोन फाडते, चाचा?"

आबाजी म्हणाले, "मी बोलाले पाहिजे होतं. मले मालूम होतं फीत तुटकी हाय. मीच वागवत होतो तिले."

आतून बाई म्हणाली, "चाय रखूँ क्या?" तो म्हणाला, "रख."

मी माझा कागद काढला. पाच खेळ, दोघांचे गुण, खाली सतरा-सतरा. शिंप्याने चष्मा पुसून तो वाचला.

"बरोबरी? अब्बा तं पहिला म्हनत."

"आकडे असे आहेत," मी म्हणालो.

त्याने प्रत्येक ओळीवर बोट ठेवले. चौथ्या ओळीवर थांबला. "हा मैल. तिसरे? अब्बा तं म्हनत मैलात मी दुसरा होतो."

दुसरा असेल तर एकाऐवजी तीन गुण. मग सतराचे एकोणीस होतात, बरोबरी जाते आणि आबाजी हरतात. मी आबाजींकडे पाहिले नाही. कागदच पुन्हा पाहत राहिलो, जणू उत्तर त्यात होते.

आबाजी शांतपणे म्हणाले, "तिसऱ्या चकरीपर्यंत तो दुसराच होता. मंग त्याच्या टाचेत काटा गेला. बाभळीचा. खलाशी पुढं निघाला. तुहा बाप लंगडत आला, पण आला."

"काटा!" शिंप्याने मांडीवर हात मारला. "बरोबर! काट्याचं सांगत होते. टाच दाखवत. म्हनत, हा काटा नसता तं खलाशाले सोडलं नसतं. तिसरेच. लिहा तुमी."

लिहिलेलेच होते, पण मी त्याच्यासमोर बरोबरची खूण केली. माझा जीव भांड्यात पडला. आबाजींच्या आठवणीला पहिल्यांदाच दुसऱ्या घरातून साक्ष मिळाली होती, आणि तीही त्या माणसाकडून ज्याचा त्यात तोटा होता.

आता आबाजींनी खरे ते काढले. हात जोडायला उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले.

"कप तं आनला बेटा. पैसे बी आनले. पण साहेबानं कपाच्या मागं मले नाकेदारी देली. ते तुह्या बापाची होती. तुमी इथी मशीन चालवून राह्यले, आणि मी पेन्शन खाऊन राह्यलो. त्याचं कसं करू?"

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिले. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटले रडतो आहे. त्याने चष्मा काढला, आणि तो हसत होता.

"अब्बा? नाकेदार?" तो पडद्याकडे वळला. "सुना क्या? अब्बा को जंगल की नौकरी मिलनेवाली थी!"

आतून कपबशांचा आवाज थांबला. मग बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अब्बा? वो तो बकरी के बच्चे से डरते थे!"

"रात्री मोरीवर जायले कंदील लागे त्याहिले," शिंपी म्हणाला. "आणि एक मानूस सोबत. मी पाच वर्साचा होतो तवापासून ते मानूस मीच. एकदा एटापल्लीले वर्द्या शिवाचं मोठं काम आलं होतं, जंगलखात्याचंच. चार महिने तिथी राहून शिवाचं. अब्बा निघाले, अर्ध्या वाटेत कोनी तरी वाघाचं नाव घेतलं, ते मशीन घेऊन उलटे वरोऱ्याले. म्हनले, कापड इथी पाठवा, मी इथूनच शिवतो. तुमी नाकेदारी घेतली ते मेहेरबानी केली चाचा. साहेबानं अब्बाले पकडून जंगलात नेलं असतं तं मी पैदाच झालो नसतो."

"मंग वर्द्या इथून शिवून गेल्या?" आबाजींनी विचारले.

"सालोसाल. तुमी बी घातली असन अब्बाच्या हातची."

"घातली असन. बगलेत तंग होत होती."

"तंग? मंग अब्बाची नसन," शिंपी ताठ होऊन म्हणाला.

"नाई नाई," आबाजी घाईने म्हणाले, "नंतर सैल झाली. बरोबर बसली."

चहा आला. आबाजींनी बशीत ओतून घेतला. बायकोने पिशवीतून कप काढून मशीनच्या फळीवर ठेवला. शिंप्याने तो उलटा-सुलटा केला, आतले धानाचे दोन दाणे नखाने काढले आणि फळीवर ठेवले.

मी म्हणालो, बरोबरी आहे, तेव्हा कप सहा-सहा महिने वाटून घ्यावा, हवे तर तसा कागद करू.

"कागद काऊन?" शिंपी म्हणाला. "एकाहत्तर वर्स तुमच्याजवळ होता, काई म्हटलं काय कोनी? आता राहू द्या इथी. चाचाची इच्छा झाली तं येऊन पाहावं. चाय भेटन." आणि त्याने पेटीतल्या सुट्या गुंड्या त्या कपात ओतल्या. शाळेच्या शर्टाच्या पांढऱ्या गुंड्या, निम्म्यापर्यंत आल्या. आबाजींना ते फार आवडले. धानाच्या तळाशी ठेवण्यापेक्षा हे बरे, असे ते पुढे जो भेटेल त्याला सांगत.

मग त्याने आबाजींना उभे केले. चाचा एवढ्या दुरून आले, बंडी शिवल्याशिवाय जाऊ देणार नाही. गळ्यातली फीत काढली आणि छातीभोवती घेतली. आबाजींनी तिचे टोक चिमटीत धरून नव्या डोळ्याजवळ नेले. पितळी पट्टी जागच्या जागी होती, आकडा एकपासून सुरू होत होता.

"पूरी हाय," ते म्हणाले. "घे."

"छत्तीस," शिंपी म्हणाला. "या उमरीत छत्तीस छाती! अब्बा उगीच नाई हरले." मग स्वतःच थांबला. "म्हंजे, नाई हरले."

दुपारी बंडी शिवून झाली. निघताना दुकानापुढची नाली आडवी आली. मी हात पुढे केला. आबाजींनी तो बाजूला सारला, काठी माझ्याकडे दिली आणि एका पावलात पलीकडे गेले. बायको ओरडली, "आबाजी, डोळा!" त्यांनी वळून मला विचारले, "किती?"

मी टेप आणला नव्हता. नजरेने दीड फूट म्हणालो.

"वजा करून?"

"वजा करून."

आबाजी त्यानंतर दोन वर्षे आणि चार महिने जगले. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशनही झाले. वरोऱ्याला ते आणखी तीन वेळा जाऊन आले, चहासाठी. बंडी शेवटपर्यंत त्यांच्या अंगात होती आणि बगलेत तंग नव्हती.

आता त्या दिवशीचा व्यवहार. बंडीचे कापड आणि शिलाई मिळून पासष्ट रुपये, आबाजींनी पेन्शनमधून शिंप्याला दिले. तो अर्धे घेतो म्हणत होता, आबाजींनी पुरते दिले. बक्षिसातला फरक साडेसात रुपये, त्यांतले सात आबाजींचे. वरचे आठ आणे त्यांच्याजवळ सुटे नव्हते, माझ्याजवळही नव्हते, ते बायकोने कमरेच्या बटव्यातून काढून दिले. हे साडेसात रुपये शिंप्याच्या हातात पडले, वडिलांच्या वाट्याचे म्हणून, आणि त्याने ते मोजून, शर्टाच्या खिशात नव्हे, कपातल्या गुंड्यांवर ठेवले. आबाजींनी त्याच संध्याकाळी चंद्रपूरच्या बसस्थानकावर पान घेऊन नोट मोडली आणि माझ्या बायकोचे आठ आणे तिला परत केले.